बाटली क्रमांक एकोणीस

तुर्सुनायच्या दारात उंट बसलेला असतो,
अगदी मधोमध.
मी वळसा घालून आत जातो.
खांद्याला पिशवी, पिशवीत चोवीस बाटल्या,
बर्फाची लादी, निळं पेन.

'आधी चहा,' ती म्हणते. 'मग तुझं पाणी.'

दूध ओतताच फाटतं.
वर आलेले पांढरे कण ती चमच्याने निमूट काढते,
कंगव्यात अडकलेले केस काढावेत तशी.
मी पितो तेव्हा दुसरीकडे बघते.

अरल निघून जाऊ लागला तेव्हा ती सहावीत होती.
शाळा सुटली की पोरं किनाऱ्याकडे धावायची,
किनारा रोज थोडा पुढे सापडायचा.
मग जेवायला परतायला उशीर होऊ लागला.
मग कुणी जाईना.

हापसा अंगणात. तीन हिसके कोरडे, चौथ्याला पाणी.
स्वच्छ दिसतं, हेच वाईट.
बाटली तीनदा विसळून काठोकाठ भरतो,
चिठ्ठीवर लिहितो: एकोणीस.

'मागच्या वर्षीच्या बाटलीचं काय झालं?'
आकडा आला होता.
नुकुसला गेला, तिथून ताश्कंदला,
तिथे एका तक्त्यात जागा मिळाली त्याला,
आणि जागा मिळालेला कोण उठतो?
'आहे,' मी म्हणतो. 'जपून ठेवलीय.'

तिचा झाराप अल्माटीत विटा रचतो.
फोनवर म्हणाला, इथल्या चहाला चवच नाही गं,
मी चिमूटभर मीठ टाकतो.
सांगताना ती हसते,
मग हसू तिथेच ठेवून उठते.

खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.
प्यायलेल्या मिठाला शरीर जागतं,
सुनेच्या सुजलेल्या पावलांत,
तिच्या स्वतःच्या मुतखड्यात,
रात्र रात्र जागतं.

निघताना ती ट्रंकेतून, रजईच्या घडीतून,
विकतच्या पाण्याची एक बाटली काढते.
नातवाच्या दुधासाठी ठेवलेली. सील न तुटलेलं.
'हिचंही बघ.'

तपासायला अर्धा लिटर लागतं.
अर्धा लिटर म्हणजे त्याचे चार वेळचे दूध.
'हे चांगलं आहे,' मी म्हणतो.
'कशावरून?'
'झाकणावरून.'

ती झाकणाकडे बघते, बराच वेळ,
पत्र वाचावं तशी.

बाहेर उंट तसाच.
त्याने मान वळवून माझी पिशवी हुंगली,
बर्फ वितळून खालून ठिबकत होता,
आणि तो पहिल्यांदाच
उठून उभा राहिला.