कारणाचा रकाना

सहाला पाच कमी असताना डोळे उघडतात.
गजर मी बंद केलाय,
पण एकोणीस वर्षांचं पहिल्या पाळीचं घड्याळ
कुठून बंद करायचं, ते सापडत नाही.

ओट्याशी जाते. दोन डबे काढते.
एक परत मांडणीत ठेवते,
चोरलेला असल्यासारखा, आवाज न करता.

त्रिमूर्ती चौकात आता बस आली असेल.
डावीकडची तिसरी खिडकी.
धात्रकबाईंनी तिथे माझ्यासाठी पिशवी ठेवली असेल,
किंवा ठेवलीही नसेल.

अंबडच्या त्या शेडमध्ये मी मायक्रोमीटर धरायचे.
बुश, पिन, शाफ्ट.
केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा चुकला तरी
बोटांना कळायचं, डोळ्यांच्या आधी.
नापास तुकड्याला लाल चिठ्ठी बांधायची
आणि लिहायचं: व्यास जास्त. कड तुटलेली. भेग.
कारणाचा रकाना कोरा सोडून
एकही तुकडा मी लाल पेटीत टाकला नाही.
एकदा तर पाळी सुटल्यावर गेटवरून परत गेले होते,
एका पिनेसाठी.

मंगळवारी पुण्याहून आलेल्या मुलाने
(मुलगाच, आमच्या निनादपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा)
आधी पाण्याचा ग्लास पुढे केला.
तेव्हाच कळायला हवं होतं.
'मॅडम, तुमच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही.'
मग?
त्याने कागद माझ्याकडे फिरवला.
मी दोन्ही बाजू पाहिल्या.

गेटवर खैरनारांनी कार्ड घेतलं
आणि रजिस्टरात बघत म्हणाले, जेवून घ्या नीट.
सकाळचे सव्वाअकरा झाले होते.

तेव्हापासून दिवस ढिला झालाय.
आटे झिजलेल्या स्क्रूसारखा
फिरतो नुसता, बसत नाही.
हे म्हणाले, बरं झालं, आराम कर.
मी कढई एवढ्या जोरात घासली
की कानाचा रिबीट निघाला.
रडले नाही. रिबीट शोधत बसले.
फ्रिजखाली हात घातला तेव्हा आलं रडू,
जमिनीवर गाल टेकलेला असताना,
धुळीच्या त्या बारक्या गोळ्यांसमोर.
जरा वेळ तिथेच राहिले. फरशी गार होती.

शनिवारी पवननगरला हातगाडी.
द्राक्षं, चाळीसला किलो.
'एक्स्पोर्टची आहेत, ताई,' गाडीवाला म्हणाला,
मग स्वतःच हसला, 'म्हणजे, तिकडून काढून टाकलेली.'
का?
'मणी दोन मिलिमीटर कमी भरला.'
दोन मिलिमीटर!
भर बाजारात मी मोठ्याने हसले.
पिशवीवाल्या दोन बायका वळून बघू लागल्या.
निदान हिला कुणीतरी सांगितलं तरी.

अर्धा किलो घेतली.
सगळी गोड निघाली असं म्हणायला आवडलं असतं.
काही निघाली. काही करकरीत आंबट.

रात्री निनादच्या जुन्या वहीत रेघा मारल्या.
तारीख. नाव, पूर्ण लिहिलं.
मग कारण.
पेन टेकवून बसले, ठिपका मोठा होत गेला.
शेवटी लिहिलं: तपासणाऱ्याकडे माप नव्हतं.
वाचून कुणाला दाखवलं नाही.

पाच पंचावन्न.
एक डबा काढला,
थांबले, आणि दुसराही.
त्यात उरलेली आंबट द्राक्षं भरली,
मीठ, तिखट, जरासा गूळ.
दुपारपर्यंत मुरतील.