झाडायला काही नाही

मॉन्टगोमेरी, १९५६

रात्री अकराला गाड्या डेपोत शिरतात
आणि ल्यूशस पेटवे बादली घेऊन चढतो.
अठरा वर्षं झाली.
पुढच्या दाराने चढायची मुभा त्याला याच वेळी,
कुणी बघत नाही तेव्हा.

मागच्या बाकांखाली काय सापडेल
ते तो डोळे मिटून सांगेल:
शेंगांची टरफलं, केसातले आकडे,
दुसऱ्यांच्या पोरांच्या दुधाचा वास लागलेला रुमाल,
एकदा चष्मा, एकाच काडीचा.
मधोमध ती पाटी. सरकती.
पुढे गर्दी झाली की ती एक ओळ मागे सरके
आणि त्या ओळीतली माणसं उठत.
पाटीही पुसायची असते. दोन्ही बाजूंनी.

आपली पायरी ओळखून राहावं, ड्रायव्हर म्हणत.
पायऱ्या दोन होत्या.
एकीवर चढून पैसे टाकायचे, उतरायचं,
दुसरीसाठी मागे धावायचं.
कधी धावणारं माणूस राही, गाडी जाई,
दहा सेंट तेवढे गाडीत बसून जात.
एका पावसात व्हर्नेलचे गेले.
घरी येऊन ती काही बोलली नाही,
कांदा मात्र फार बारीक चिरला.

मग डिसेंबरात एका सोमवारी
तो मागच्या बाकाखाली वाकला.
काहीच नाही.
दुसरी गाडी. तिसरी.
एक टरफल नाही.
फोरमन म्हणाला, पाय दुखले की येतील झक मारत.

नाताळ गेला.
चर्चमध्ये कुणीतरी विचारलं, अजून तिथेच का तू?
तो तबकात दोन डॉलर जास्त टाकू लागला,
कंपनीचेच,
जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या पेट्रोलसाठी.

मार्चमध्ये पाइनचे पराग उडाले.
उघड्या खिडक्यांतून आत येऊन
बाकांवर पिवळी धूळ बसली,
पुढपासून मागपर्यंत सारखी,
पाटीच्या अलीकडे, पलीकडे, पाटीवरही.
तिला कुणी उठवलं नाही.
ल्यूशस फडकं घेऊन उभा राहिला बराच वेळ.
मग त्याने पुढचे बाक पुसले.
मागचे तसेच ठेवले.

एप्रिलच्या पगारासोबत चिठ्ठी आली.
गाड्या कमी, काम कमी.
फोरमन घड्याळाकडे बघत बोलत होता.
ल्यूशसने पोछा पिळला, उलटा टांगला,
बादली पालथी घातली,
आणि पहाटेच्या रस्त्याला लागला.

समोरून बाया येत होत्या,
कामाच्या घरांकडे,
हातात पिशव्या, पिशवीत चांगले बूट,
पायात नवऱ्याचे.
व्हर्नेल तिसऱ्या रांगेत.
तिने त्याचा मोकळा हात पाहिला.
"झालं साफ?"
"लख्ख."
ती हसायला लागली, मग थांबली,
भाड्याचा हिशेब तिच्या कपाळावर उमटला तेव्हा.

"उशीर होतोय मला," ती म्हणाली.
घर डावीकडे होतं, आणि त्याला झोप आली होती.
त्याने तिची पिशवी घेतली
आणि उजवीकडे वळला.
मागून एक गाडी आली, दिवे लागलेली, रिकामी.
तिने वेग कमी केला.
थांब्यावर कुणीही नव्हतं.