छाट

तिची पहिली बातमी मीच कापली.
चारशे शब्दांची दीडशेवर आणली.
नाव लावण्या चिलवेरी, राहायला विडी घरकुलात,
पगार विचारू नका, सांगायची मलाच लाज वाटते.

खुर्ची ओढून शेजारी बसली, म्हणाली,
सर, आमची अम्मा हजार विड्या घेऊन कारखान्यात जाते.
चेकर त्यातल्या मूठभर उचलून बाजूला टाकतो.
छाट म्हणतो. त्याचे पैसे नाहीत.
पण छाटही कुठेतरी विकली जाते,
अम्माला दुकानसुद्धा ठाऊक आहे.
माझे अडीचशे शब्द
तुम्ही कुठे विकले?

मी चहा मागवला. दुसरं काय करणार.

मग पाच वर्षं ती इंद्रभुवनाच्या पायऱ्या चढली,
मे महिन्यात, ओढणी डोक्याला गुंडाळून,
स्कूटी सावलीत लावायला जागा नाही म्हणून
सीटवर ओलं फडकं टाकून.
पत्रकारांच्या बाकावरून तिचा प्रश्न एकच:
पाणी किती दिवसांनी?
आयुक्त बदलले, बाकाचा एक पाय मोडला,
उत्तर चौथ्या दिवशीच राहिलं.
ती वहीत चार लिहायची,
शेजारी आपल्या गल्लीचा आकडा, सहा,
आणि मधल्या दोन दिवसांची बातमी करायची.
ते दोन दिवस मी कधी कापले नाहीत.
एवढं तरी माझ्या नावावर लिहा.

राजीनामा एका ओळीचा होता.
सवयीनं लाल पेन उघडलं,
चूक सापडेना,
पेन बंद केलं.

चिन्ह मागितलं नळ, मिळाली कपबशी.
मागांच्या खडखडाटात घसा फोडून बोलायची,
मालक म्हणायचे, बाई, पाळी सुटल्यावर या की,
ती म्हणायची, पाळी सुटल्यावर माणसं झोपतात.
एका म्हातारीनं दारातूनच विचारलं,
नीळ्ळु वच्चिनया?
पलीकडच्या बोळात नीर बंतेनु,
नई जिंदगीत, ओ बेटी, पानी कब आताय?
तिला वाटायचं आपण प्रश्न विचारायला आलोय.
आता लोक तिलाच विचारत होते.
तेव्हा तिचा चेहरा कसा झाला
ते मी पाहिलं. छापलं नाही.

त्रेसष्ट मतांनी आली.
मथळा मी दिला. माझं मत कुणाला, ते गुप्त असतं.

परवा बजेटच्या सभेनंतर
आमचा नवा पोरगा, मुबश्शीर नदाफ,
मोडक्या बाकावरून उठून तिच्यामागे धावला.
ताई, पाणी किती दिवसांनी?
ती थांबली. शेजारी सभापती उभे.
चौथ्या दिवशी, म्हणाली,
आणि दुसरीकडे बघत गाडीत बसली.

पोरानं इमानानं चार लिहिलं.
खाली स्वतःच्या गल्लीचा आकडा, सहा.
त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

रात्री साडेदहाला तिचा फोन.
सर, त्या पोराच्या बातमीत तो सहाचा आकडा असेल ना?
मी गप्प. लाल पेन हातात.
काप म्हणाली असती तर कापलं असतं का,
हा प्रश्न मी अजून स्वतःला नीट विचारलेला नाही.

सहा चूक आहे, म्हणाली.
सात करा. मी मोजतेय.
आणि सर,
माझं नाव नको.

पलीकडे कुणीतरी तेलुगूत ओरडलं,
बहुतेक अम्मा, जेवायला.
फोन बंद.

सकाळी मुबश्शीर पेपर घेऊन आला.
सर, सूत्रांनी सांगितले, असं तुम्ही घातलंय.
कोण ही सूत्रं?
म्हटलं, अरे, हे सोलापूर आहे,
इथे सुताला काय तोटा.
तो हसला नाही. हुशार आहे, टिकायचा नाही.

पानात त्या रात्री चार ओळी जास्त होत होत्या.
सभापतींचं भाषण होतं.
त्यातली छाट काढली.