पाणसळ

अडीच अंश.
एवढाच कललाय समुद्र, डाव्या अंगाला,
मेंढ्या डोंगरावरून उतरवल्या त्या दिवसाच्या चित्रफितीत.
वाटतं, अख्खा अटलांटिक आता सांडणार
शेजाऱ्याच्या कुंपणात.

माहितीपुस्तिका म्हणते :
ड्रोन सपाट जागी ठेवा, हलवू नका,
कॅमेऱ्याला त्याचा तोल पुन्हा शिकू द्या.
सपाट जागा.
फेरोच्या या बेटावर.
इथे बटाट्याचे वाफेसुद्धा उताराला टेकून झोपतात,
चर्चमध्ये हातातून सुटलेलं नाणं
आपसूक वेदीपर्यंत जातं,
आणि आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली
अकरा वर्षं तीच, घडी घातलेली काड्यापेटी.

पाणसळ घेऊन घरभर फिरले.
पिवळट काचेतला बुडबुडा मधोमध थांबेना,
उंबरा, ओटा, धक्क्यावरचा मासे कापायचा फळा,
सगळीकडे सरकून कडेला,
जणू त्यालाही वाऱ्याची धास्ती.

शेवटी सुनेवा म्हणाली, वॉशिंग मशीन बघ.
खरंच.
हानुसमामानं त्याचे पाय पिळून पिळून
सूतभरही फरक ठेवला नव्हता,
नाहीतर कपडे पिळताना ते
चालत दारापर्यंत यायचं.
त्याच्यावर ठेवलं ड्रोन. कॅमेऱ्यानं मान हलवली,
वर, खाली, मग गप्प.

पुढच्या उड्डाणांचं भागलं.
मागचं मात्र संगणकावरच सरळ करायचं.
चित्र उजवीकडे फिरवलं
की कोपऱ्यांत काळे त्रिकोण उघडतात,
ते झाकायला चित्र मोठं करायचं,
मग कडा जातात.
इलाजच तसा आहे.

केलं. समुद्र निमूट आडवा झाला,
पट्टीनं आखल्यासारखा.
मेंढ्या आत राहिल्या. मेंढ्या राहतातच.
डावीकडे अगदी कडेला, दगडी भिंतीपाशी,
मेंढ्या बुजवल्या म्हणून
हात उगारून मला, म्हणजे आभाळाला,
शिव्या घालत उभा होता हानुसमामा.
तो गेला.
कोपरापुढचा हात तेवढा उरला,
कुणाचाही असू शकेल असा.

ती चित्रफीत ऑक्टोबरातली.
फेब्रुवारीत त्याला पुरलं तेव्हा
पेटी खड्ड्यात नीट बसेना,
टुम्मसनं पायाकडे एक चपटा दगड सारला.

मी आकडा मागे नेला.
दीडवर खांदा आला.
अर्ध्यावर टोपी, विणलेली, कानावर चढलेली.
शून्यावर सगळा मामा, त्याचा कुत्रा,
आणि सांडायला आलेला समुद्र.

संध्याकाळी मार्युनमामीला तशीच दाखवली.
क्षितिजाबद्दल ती काही बोलली नाही.
म्हणाली, स्वेटर उलटा घातलाय बघ.
मग मान जराशी डावीकडे कलती करून
पुन्हा लाव म्हणाली.

न्हाणीत मशीन कपडे पिळत होतं,
जागचं न हलता.