दोन खोडांत पाच फूट

नामदार तडवी म्हणाला, पळणारा माणूस सगळेच दाखवतात,
आपण त्याच्या मागची हवा दाखवू.
आणि कॅमेरा खांद्यावर घेऊन घुसला
चिनावलच्या केळीत. मे महिना, पंचेचाळीस डिग्री,
लेन्सला बोट लावलं की चटका.

मी फोकसवर. म्हणजे
पडद्यावर कुणाला ओळखायचं, कुणाला धूसर सोडायचं
हे माझ्या अंगठ्यात असतं,
आणि चुकलो तरच लोकांना कळतं की मी होतो.

टेप काढला तर नामदार हसला,
"केळीत जन्मला ना तू? मोज की."
दोन खोडांत पाच फूट.
सुकलाल, हिरोचा डुप्लिकेट, घोडसगावचा पैलवान,
पानं फाडत येणार, मागे कोयतेवाले चार.
सातव्या खोडाला पडणार, उठणार,
लेन्सच्या अंगावर येणार.
पस्तीस. तीस. पंचवीस.
बाप ज्या सुरात घड मोजायचा
त्याच सुरात.

नामदार उलटा धावायचा, एक पोरगा त्याचा पट्टा धरून.
"हलू दे कॅमेरा, पण कारणाने हलू दे.
भीती छातीतून हलते,
मनगटातून हलतो तो नुसता व्हिडिओ."
यावलच्या लग्नांत शिकला तो हे,
सासरी निघालेल्या पोरींपुढे उलटं चालता चालता.

तिसरा टेक. सुकलाल पडला. उठला. तीस.
आणि पंचविसाच्या ओळीतून
डोक्यावर घड घेतलेली एक बाई सरळ फ्रेममध्ये.
"काय व्हयनं रे भो? त्याले काबर मारी राह्यनात?"

कट कुणी म्हणालं नाही.
माझा अंगठा तिच्यावर थांबला.
मुद्दाम? लोक विचारतात. माहीत नाही.
सुकलाल, कोयते, चारशे रुपयांचं रक्त,
सगळं तिच्यामागे हिरवं पाणी झालं
आणि ती लख्ख,
चुंबळीखालून उतरणारी घामाची रेघ,
पदरावर चिकाचे काळे डाग.
तिने घड आधी पानावर अलगद टेकवला,
माल दबतो ना,
मग कमरेचा विळा काढला.

चार रबरी कोयते दोन पावलं मागे सरले.

पिक्चरमध्ये हे नाही. चौथा टेक आहे,
सुकलाल पहिल्यापासून शेवटपर्यंत धारदार,
भुसावळला शिट्ट्या पडल्या त्यावर.
नामदारने तिसरा मोबाइलमध्ये ठेवलाय,
नव्या पोरांना दाखवतो, बोलत काही नाही.

माझा टेप तेव्हा तिथेच खाली पडला होता.
वीस आणि पंचवीसच्या मध्ये चीक लागलाय.
रॉकेलनेही निघाला नाही.