जन्मस्थान

कोपरीत दवाखान्याच्या माळ्यावर
मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही लोकांचे फॉर्म भरतो.
हरमीबाई मेघवारांना जन्मस्थान विचारलं,
त्या म्हणाल्या, मिठी.
माझं पेन थांबलं.
गाव आहे, त्या म्हणाल्या, थरच्या वाळूत.
मी लिहिलं. जिल्हा. देश. व्हिसाची मुदत.
‘कायमचा पत्ता’ हा रकाना
दोघींनी मिळून रिकामा सोडला.

त्यांच्या मांडीवर रल्ली होती,
आमच्या गोधडीची लांबची बहीण,
रंगांनी जरा तिखट.
वासवानी काकूंनी ती उलटी करून टाके पाहिले.
काकू आईच्या पोटात असताना सीमा ओलांडून आल्या,
तेव्हापासून कोपरीतच.
कोपऱ्यातलं मशीन पायाने पुढे ढकलून म्हणाल्या,
तेल घाल आणि ने. भाडं महिना पन्नास.
मी मध्ये पडले, तर माझ्यावरच डाफरल्या:
फुकटचं माणसाला बसवून ठेवतं.

आठ महिन्यांनी माझा ब्लाउज उसवायला दिला.
हरमीबाईंनी शंभराची नोट घेतली,
तीस परत मोजले, पावती फाडली.
अहो, माझ्याकडूनही?
त्या नुसत्या हसल्या, पुढचं कापड ओढलं.
लागलं मला. खोटं कशाला बोलू.

जिन्यात पावती पुन्हा उघडली.
उसवणे, शिवणे, सत्तर.
खाली सही,
आणि सहीखाली, कोणी विचारलेलं नसताना,
खोली अकरा, कोपरी, ठाणे पूर्व.

‘पूर्व’चा रफार पहिल्याच अक्षरावर बसला होता.
शुक्रवारी सांगेन म्हणते.