भिंतीवरची रेघ

दवाखान्याच्या भिंतीवर एक लाल रेघ आहे,
जमिनीपासून बरोबर दीडशे सेंटिमीटरवर.
माझ्या आधीच्या सुईणीनं, एनेलेसीनं, ओढलेली.
ब्रश मिळाला नाही म्हणून कोंबडीच्या पिसानं;
तेव्हा मधेच जाड होते, मधेच विरते.

येणारी प्रत्येक पोटुशी आधी तिथं उभी राहते.
चपला काढ. टाचा टेकव. डोक्यावरचं फडकं सोड.
डोकं रेघेखाली राहिलं की कार्डावर फुली.

कार्डावर आणखीही चौकटी आहेत.
अठराच्या आतली. पस्तिशीपुढची.
पहिलटकरीण, नाहीतर पाचव्या खेपेच्याही पुढची.
मागं पोट फाडलेली. मागं मूल गेलेली.
पायांवर सूज, डोळ्यांपुढं काजवे,
मूल आडवं.

ओढ्याला चौकट नाही.
नवरा सरोवरावर मासे धरायला गेलाय
आणि सासू म्हणते, तो येईस्तोवर थांब,
याला नाही.

आमच्या चिचेवात गरोदरपणाला म्हणतात पकाती. म्हणजे मधे.
कशाच्या मधे, ते कुणी सांगत नाही,
पण विचारतही नाही कुणी.

फालेसी आली ती आंब्याच्या दिवसांत.
सोळा वर्षांची, रेघेखाली चार बोटं.
तीन फुल्या मारल्या आणि आठव्यातच
तिला मागच्या खोलीत ठेवून घेतलं, थांबणाऱ्या बायकांत.
तिथं ती आपली न्सिमा आपण शिजवायची
आणि बावोच्या पटावर सगळ्यांच्या बिया जिंकायची,
माझ्यासुद्धा.
मी रात्री तिच्या कमरेकडं बघत मनात मापं घ्यायचे.
एका पहाटे तिनं हाक मारली, मी धावले,
दुसरा हातमोजा चढवायच्या आत
मुलगी माझ्या हातात होती.
अडीच किलोला जरा कमी. आणि केवढा आवाज!

झिओने उंच. चौथी खेप.
कार्ड कोरं, नव्या पाटीसारखं.
मी तिला म्हणाले होते,
"तू काय, शेतातनं येता येता मोकळी होशील."
हे मीच म्हणाले होते.
ती हसली होती.

मूल घरीच झालं, रडलं, दूधही ओढलं.
वार पडली नाही.
अकरा किलोमीटर, सायकलला बांधलेल्या बाजेवरून,
वाळूत चाक रुततं तिथं चौघांनी उचलून.
तिच्या चितेंजेवर पिवळे मासे होते छापलेले.
पोचली तेव्हा त्यातले दोनच पिवळे राहिले होते.

वार हातानं काढली. रक्त थांबेना.
मग माझी मूठ आत, दुसरा हात पोटावर,
आणि दोन्हींच्या मधे तिचं गर्भाशय,
ओल्या कणकेसारखं, घट्ट व्हायला तयार नसलेलं.
जिल्ह्याची गाडी निघाली म्हणाले.
निघाली म्हणजे निघायची आहे.
एक तास चाळीस मिनिटं.
माझी बोटं मला कळेनाशी झाली.
ती मधूनच विचारायची, दार लावलं का,
कोंबड्या आत घेतल्या का.
मी प्रत्येक वेळी हो म्हटलं.

पावसानंतर भिंतीला चुना दिला.
रेघ गेली.
कोऱ्या भिंतीपुढं मी बराच वेळ उभी होते.
मग टेप घेतला, आणि पीस शोधलं.
फालेसीसारखीच एखादी, तेवढीच बुटकी, तेवढीच हसरी,
खरोखर अडते तीन दिवस;
तेही मी पाहिलंय.

सहाव्या आठवड्यात लस द्यायला झिओने आली,
ओठ अजून पांढुरके,
मूल पाठीला बांधलेलं.
कुणी न सांगता चपला काढल्या,
टाचा भिंतीला टेकवल्या.
"मोज," म्हणाली.
एकशे अडुसष्ट. मागं होती तेवढीच.
रेघ तिच्या खांद्याच्या जरा वर.

"आणि फुली?" तिनं विचारलं. "फुली कुठं मारायची होती?"

पेन माझ्या हातात होतं.
पाठीवरचं मूल मान वळवून
लाल ओल्या रंगाकडं बोट नेत होतं.